चार घड्यांचा रिपोर्ट

आज दुपारी एक काका दाढ काढायला आले. फॉर्मवर 'कावीळ झाली होती का?' यापुढे 'नाही' लिहिलेलं. खुर्चीत बसल्यावर मात्र हळूच म्हणाले, "मॅडम, मला हिपॅटायटिस बी आहे. मागच्या ठिकाणी खरं सांगितलं, तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं." खिशातून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढला. घड्यांवर कागद विरला होता.

फार वाईट वाटलं. अहो, रक्तातून पसरणारा हा लिव्हरचा आजार आपल्याला आहे हेच ठाऊक नसलेली कितीतरी माणसं या खुर्चीत बसून जातात. म्हणून तर काळजी प्रत्येकासाठी सारखीच घ्यायची. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो. त्यामुळे अवजारं आधी घासून धुवायची, पाऊचमध्ये सील करायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली ठेवायची. हँडपीस, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, तोसुद्धा! तो नुसता स्पिरिटने पुसून भागत नाही. सुई, ग्लोव्हज दर पेशंटला नवे.

लिव्हरचा त्रास असला की कधीकधी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, रक्त गोठण्याचा रिपोर्ट पाहिला. मग काकांसमोरच पाऊच फाडला, त्यावरच्या पट्टीचा ऑटोक्लेव्हमध्ये बदललेला रंग दाखवला. दाढ निघाली. जाताना काकांनी फॉर्म परत मागितला आणि 'नाही' खोडून 'हो' लिहिलं.

संध्याकाळी आमची नवी असिस्टंट म्हणाली, "मॅडम, माझा हिपॅटायटिस बीच्या लसीचा तिसरा डोस राहिलाय." उद्या सकाळी आधी तिला लस घ्यायला पाठवतेय.