पाचवा उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीची उपासना दुपारी १२ ते ३ असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, ते सात उद्गार सात जण सांगतात. क्षमेचा पहिला उद्गार पाळकसाहेब स्वतःकडे ठेवतात. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा चौथा एखाद्या अभ्यासू माणसाकडे जातो. २०१६ साली पाचवा माझ्याकडे आला. "मला तहान लागली आहे." योहानाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात तर तो एकाच शब्दाचा आहे.

वर्ष २०१६, गाव लातूर. इथल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळ कधीचे बंद होते. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, तोही कधी रात्री दोनला. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती १२ एप्रिलला. उत्तम शुक्रवार त्याआधीच, २५ मार्चला होता.

लहानपणी हा उद्गार मला फार आवडायचा, त्याला कारण होतं. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, लिहिलंय की शिपायांनी स्पंज आंबेत बुडवून त्याच्या तोंडाला लावला. मला आंब म्हणजे आंबील वाटायची! येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात मातीच्या बिंदग्यातून येते ती, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, थंडगार. आम्हाला शेत नव्हतं, पण शेजारच्या मावशी दरवर्षी येळवसला आमच्याकडं भज्जी आणि आंबील पाठवायच्या. वाटायचं, चला, एक तरी शिपाई चांगला निघाला. पुढे कळलं की तो आंबलेला द्राक्षारस होता, शिपायांच्या रोजच्या पिण्यातला, हलका, आंबट. सुरुवातीला गुंगी आणणारा बोळमिश्रित द्राक्षारस पुढं केला होता, तो त्याने नाकारला. शुद्ध हरपू द्यायची नव्हती त्याला. आणि शेवटी ही आंब मात्र त्याने घेतली. मारणाऱ्यांच्या हातून घेतली.

आमची आजी या गोष्टीवर अडून राहायची. ती लिहा-वाचायला शिकली नव्हती. निजामाच्या राज्यातलं तिचं माहेर, वस्ती गावकुसाबाहेर. विहिरीच्या पायऱ्या उतरायची मुभा नाही. घागर लांब ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार, धार अंगावर, अर्धं मातीत. कधी कधी दुपार व्हायची. हे सांगताना तिचा आवाज चढत नसे, ती फक्त पदराने मान पुसायची, जणू ते पाणी अजून मानेवर आहे.

त्या वस्तीत बायबलातल्या गोष्टी सांगणाऱ्या एक बायबलबाई यायच्या. त्यांनी शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. भर दुपार, याकोबाची विहीर, येशू थकून बसलेला, आणि तो त्या बाईला म्हणतो, "मला प्यायला दे." ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. आजी म्हणायची, "मी इचारलं, मंग त्येनं तिच्या हातचं पानी मागितलं? खरंच मागितलं? बाई म्हनल्या, हो. तवाच माझं ठरलं."

पाणी देणारे देव तिने पुष्कळ ऐकले होते. तिच्या हातचं पाणी मागणारा पहिल्यांदाच भेटला. आणि हा मरतानाही मागतोच आहे म्हटल्यावर, आणि तेही वेशीबाहेर, तिच्या वस्तीसारख्याच जागी, तिला दुसरा पुरावा नको होता. इब्री लोकांस पत्रात स्पष्ट लिहिलंय, येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. वधस्तंभ ही रोमी लोकांनी मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी ठेवलेली शिक्षा.

वधस्तंभाविषयी ऐकलेल्या पुष्कळ प्रवचनांत कर्ज, जामीन, खंडणी यांचा हिशोब असतो. तो खोटा नाही, शास्त्रातच आहे, मी मानते. पण देवाची प्रीती मला हिशोबातून कधी कळली नाही, आजीच्या घागरीतून कळली. आणि पाचवा उद्गार आला की बरेच जण लगेच "ही आत्म्यांची तहान" असं म्हणून पुढं सरकतात, ते मला पटत नाही. आदल्या रात्रीच्या भोजनानंतर त्या माणसाच्या पोटात पाण्याचा थेंब गेल्याचं कुठं लिहिलेलं नाही. रात्रभर जागरण, चौकशा, फटके, रक्त गेलेलं, वर ऊन. जीभ टाळूला चिकटली होती, बाविसाव्या स्तोत्रात आहे तशी. ज्याने समुद्र केला त्याला पाणी हवं होतं. आधी एवढं तरी मान्य करू या.

हे सगळं मी त्या वर्षी वहीत व्यवस्थित लिहून काढलं होतं. ३० वर्षं शाळेत शिकवल्यामुळे मुद्दे काढायची सवय आहे.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास मावशी दारात आल्या. हातात घागर. आदल्या रात्रीच्या टँकरला त्यांच्या घरून कुणी उठलं नव्हतं. म्हणाल्या, "बाई, घागरभर असंल तर द्या की. नातू तापानं फणफणलाय."

माझी लेक ईस्टरला पुण्याहून येणार होती, दोन लेकरं घेऊन. टाकी अर्धी भरलेली होती. मी म्हणाले, "नाही हो मावशी, आमच्याकडं पण कोरडंच आहे."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मी आत येऊन वही उघडली.

बाराला उपासना सुरू झाली. उपवास होता, घसा सुकलेला. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, वचन वाचलं, "मला तहान लागली आहे," आणि पुढचं बोलता येईना. ते वाक्य त्या सकाळी मी ऐकलं होतं, माझ्याच उंबऱ्यावर, घागरीसकट. ज्या देवाने माझ्या आजीच्या हातचं पाणी मागितलं, तो माझ्याकडं आला आणि मी त्याला नाही म्हणाले. मी वही मिटली आणि मंडळीसमोर जे घडलं ते तसंच सांगितलं. आजीचं सांगितलं, मावशींचं सांगितलं, टाकीचं सांगितलं. पाच मिनिटंही झाली नसतील. खाली बसले तेव्हा हात कापत होते. सहावा उद्गार सुरू झाला होता, "पूर्ण झालं आहे," आणि शेजारच्या बहिणीने माझा हात धरून ठेवला. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हे रोमकरांस पत्रातलं वाक्य मला शाळकरी वयापासून पाठ होतं. त्यातला "असतानाच" हा शब्द मला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आला. सुधारल्यावर असं नाही, माफी मागितल्यावर असंही नाही. टाकीवर झाकण ठेवून खोटं बोलत असताना.

घरी आल्यावर दोन घागरी भरल्या आणि मावशींकडं गेले. नातू झोपला होता, कपाळावर ओली पट्टी. कुठून तरी त्यांनी पाणी मिळवलं होतं. मी म्हणाले, "मावशी, सकाळी माझ्याकडं पाणी होतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या टाकीचं झाकण वाजतंय. पहाटं ऐकलं होतं मी."

मी उभीच राहिले. त्यांनी एक घागर माझ्या हातातून घेतली, चुलीजवळ ठेवली, त्यातलंच तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं आणि म्हणाल्या, "उपास सुटला का तुमचा? बसा, च्या टाकते."