सुक्या कचऱ्यावर हक्क कोणाचा?

रविवार, रात्र

सोसायटीच्या आजच्या बैठकीत सुक्या कचऱ्याचा विषय मार्गी लागला. कचरा वेगळा करण्याबद्दल कोणाचे दुमत नव्हतेच, कारण ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच बंधनकारक केले होते. वाद होता तो पैशांचा. सर्व इमारतींमधील रद्दी, पुठ्ठा आणि बाटल्या एकत्र साठवून थेट भंगारवाल्याला विकाव्यात आणि ती रक्कम बागेवर खर्च करावी, असा काही सभासदांचा आग्रह होता.

मी या प्रस्तावाला ठाम विरोध केला. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली, आणि महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिच्या सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री या दोन्हींवर त्यांचे घर चालते. विकला जाणारा माल आपण काढून घेतला, तर आपल्याकडे येणाऱ्या ताईंच्या हाती उरतील ती वेफर्सची पाकिटे आणि डायपर. म्हणजे कष्ट तेवढेच राहतील आणि कमाई मात्र आपण नेऊ. हे मला अन्याय्य वाटते, आणि तसे मी बैठकीत स्पष्टपणे सांगितले. बऱ्याच चर्चेनंतर विक्रीचा सर्व पैसा ताईंचाच राहील असे ठरले.

त्यानंतरचे बोलणे अधिक उपयोगाचे झाले, कारण ताईंनाच बैठकीला बोलावले होते आणि कोणत्या मालाला भाव मिळतो हे आम्हा कोणापेक्षाही त्यांना नेमके ठाऊक आहे. पुठ्ठा भिजला की त्याचा भाव पडतो, म्हणून वाहनतळातील छपराखालचा कोपरा साठवणीसाठी निश्चित केला. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, कारण तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. चीर देऊन तो पिशवीलाच राहू द्यावा. या पिशव्या धुण्यात पाणी वाया जाईल, अशी शंका एका आजींनी काढली आणि भांडी विसळलेले पाणी त्यासाठी वापरावे, हा उपायही त्यांनीच सुचवला. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहावे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे पुडके उघडून पाहण्याची वेळ ताईंवर येणार नाही. माझ्या मते आजच्या साऱ्या ठरावांमध्ये हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या घरातील रक्ताने माखलेला कापूस कोणालाही उघड्या हाताने चाचपावा लागू नये.

प्रत्येक इमारतीतून दोन जण आळीपाळीने गोण्यांवर लक्ष ठेवतील. भाडेकरूंना सूचना मराठीबरोबर हिंदीतही द्यायच्या आहेत. त्या मी उद्या लिहून काढीन. थर्माकोलचा प्रश्न मात्र सुटला नाही. तो जागा फार अडवतो, वजनाला काहीच भरत नाही आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही, त्यामुळे गणपतीच्या मखरांचा विषय पुढच्या बैठकीत घ्यावाच लागेल.