होमलॅब: माळ्यावरच्या युजरना दार का उघडत नव्हतं

घरच्या सरावाच्या लॅबमधलं माझं मूळ डोमेन (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत एकत्र सांभाळलेल्या युजर-मशीनचा गट) 'घर.टेस्ट'. माळ्यावर टाकलेल्या जुन्या डेस्कटॉपवर त्याचं चाइल्ड डोमेन, 'माळा.घर.टेस्ट'. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०२२. लिनक्सवरची विकी एलडॅपने, म्हणजे डोमेनच्या यादीत युजर शोधायच्या प्रोटोकॉलने, लॉगिन करते. घरचे युजर सुखाने आत, माळ्यावरच्यांना मात्र 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'.

दोन संध्याकाळी मी नुसते पासवर्ड रिसेट करत बसलो. मग ट्रस्टवर, म्हणजे डोमेनांनी एकमेकांच्या युजरवर ठेवलेल्या विश्वासावर, संशय. पॅरेंट-चाइल्ड ट्रस्ट आपोआप बनतो, तोही दुतर्फा, तरी उकरून पाहिलाच. त्या नादात घड्याळ सापडलं: व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) पॉज करून ठेवल्याने माळा ७ मिनिटं मागे. कर्बरोस (विंडोज डोमेनची ओळख तपासायची पद्धत) घड्याळातला फरक ५ मिनिटांपर्यंतच चालवून घेतो. वेळ जुळवली, घरच्या पीसीवरून माळ्यावरचे शेअर उघडले. विकी ढिम्म.

शेवटी दोन्ही डीसींचे (डोमेन कंट्रोलर, डोमेन सांभाळणारे सर्व्हर) सिक्युरिटी लॉग उघडले. माळ्यावरच्या युजरची ४६२५ ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, एकही नोंद नाही! म्हणजे पासवर्ड चुकत नव्हता, तो कुणी तपासतच नव्हतं.

विकीचाच फिल्टर (युजर शोधायची अट) एलडॅपसर्च या कमांडने हाताने चालवला. निकाल 'सक्सेस', एन्ट्री शून्य, आणि खाली 'रेफ: एलडॅप://माळा.घर.टेस्ट/…'. ३८९ या एलडॅपच्या नेहमीच्या पोर्टवर डीसी आपल्या डोमेनपुरतंच सांगतो, पुढचा पत्ता हातावर ठेवतो. तो पत्ता शोधत जायचं काम क्लायंटचं. विकी जात नाही, आणि युजर न सापडल्याचं खापर पासवर्डवर फोडते. (स्क्रीनवर मोघम संदेश का, ते कळतं. लॉगमध्ये तरी खरं लिहा की!)

पोर्ट ३२६८ केला, म्हणजे ग्लोबल कॅटलॉग. त्यात अख्ख्या फॉरेस्टचे, म्हणजे दोन्ही डोमेनांचे, युजर सापडतात. सॅमअकाउंटनेम (छोटं लॉगिन नाव) मात्र एका डोमेनपुरतंच वेगळं असतं, दोन्हीकडे 'टेस्ट१' निघाला, म्हणून फिल्टर यूपीएनवर ('नाव@डोमेन' असं पूर्ण नाव) नेला.

लॉगिन झालं, पण अ‍ॅडमिनचे हक्क गायब. कॅटलॉगमध्ये सदस्यांची यादी युनिव्हर्सल ग्रुपचीच जाते, माझा 'माळा-अ‍ॅडमिन' ग्लोबल होता. त्याचा स्कोप (आवाका) युनिव्हर्सल केला, चहा टाकला. चहा उकळेपर्यंत हक्क आलेले.

३२६८ वर पासवर्ड उघडाच जातोय. रविवारी सर्टिफिकेट टाकून ३२६९, म्हणजे त्याच कॅटलॉगचा एन्क्रिप्टेड पोर्ट.