तुम्ही विचारलंत म्हणून: भीती वाटते का?

लग्नात, बँकेच्या रांगेत, रविवारी उपासना सुटल्यावर, कुठेही गाठ पडली की लोक विचारतात, "ताई, घरच्या प्रार्थनासभेवरून तुम्हाला एवढा दम दिला, तरी सभा चालूच. भीती नाही वाटत?" कुणी काळजीने विचारतं, कुणी कौतुकाने. एखाद्याला नुसतं 'आता पुरे करा' एवढंच म्हणायचं असतं.

वाटते. रात्री जिन्यात पावलं वाजली की मी उठून कडी लावलीय ना ते बघते. विश्वास असला की भीती पळून जाते असं सांगणारे बरेच आहेत, पण त्यातल्या बहुतेकांच्या दाराला कुणी चिठ्ठी अडकवलेली नसते.

माझ्या दाराला अडकवली होती. आमची सभा म्हणजे फार काही नाही. नाशिकरोडला दोन खोल्यांचं घर, मंगळवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं, दोन गीतं, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय, प्रार्थना आणि मग चहा-खारी. ढोलकी असते, पण ती वाजवणाऱ्याला तालाचं वावडं आहे, त्यामुळे शेजाऱ्यांनी त्याबद्दल तक्रार केली असती तर मी समजू शकले असते. चिठ्ठी मात्र शेजाऱ्यांची नव्हती. शाळेच्या वहीचं पान, ग्रिलला सेलोटेपने चिकटवलेलं: 'प्राथना बंद करा नाहीतर परीणाम वाईट होतील.' जन्म शिकवण्यात गेलेला, त्यामुळे हात आधी लाल पेनाकडे गेला. मग गुडघ्यातलं बळ गेलं.

अशा वेळी मला हिज्कीया राजा आठवतो. बायबलमधल्या यहूदा राज्याचा हा राजा मोठा शूरवीर म्हणून नव्हे, घाबरला म्हणून आठवतो. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा बलाढ्य राजा सन्हेरीब चालून आला, तेव्हा हिज्कीयाने आधी पैसे देऊन बघितले. ३०० किक्कार (तेव्हाचं वजनाचं मोठं माप) चांदी, ३० किक्कार सोनं, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा खरवडून काढलं. उपयोग शून्य. सैन्य राजधानी यरुशलेमेपुढे (म्हणजे जेरुसलेमपुढे) येऊन उभं राहिलंच.

आणि मग तो रब्शाके, सन्हेरीबचा माणूस. धमकी कशी द्यावी हे त्याच्याकडून शिकावं. तो नुसता दरबाऱ्यांशी बोलत नाही, तटावर बसलेल्या साध्या लोकांना ऐकू जाईल असं त्यांच्याच भाषेत ओरडतो. दरबारी विनवतात, 'बाबा, अरामीत बोल.' तो आवाज आणखी चढवतो. कधी चेष्टा: 'दोन हजार घोडे देतो, बसवायला स्वार आहेत का तुमच्याकडे?' कधी गोड बोलणं: 'शरण या, आपापल्या द्राक्षवेलीचं खा, आपल्या विहिरीचं पाणी प्या.' आणि सगळ्यात वाईट म्हणजे, 'तुमच्या देवानेच मला पाठवलंय.' धमकावणारा देवाचं नाव पुढे करतो तेव्हा माणूस आतून हलतो. आपलंच काही चुकलं असेल का, असं वाटायला लागतं.

तटावरचे लोक काय करतात? गप्प बसतात. उत्तर द्यायचं नाही अशी राजाची आज्ञाच असते. आमच्या सभेतल्या एका तरुणाने त्या चिठ्ठीला व्हॉट्सअॅपवर टाकायला लांबलचक उत्तर लिहिलं होतं, चांगलं झणझणीत. मी म्हटलं, "बाळा, ठेव ते खिशात." त्याला ते पटलं नव्हतं, अजूनही पटलेलं नाही.

पुढे सन्हेरीबचं पत्र येतं. हिज्कीया ते वाचतो, मंदिरात जातो आणि देवापुढे पसरून ठेवतो. मला शास्त्रातली ही जागा फार आवडते. पत्र फाडलं नाही, लपवलं नाही, 'काही नाही हो' म्हणत उशीखाली सारलं नाही. वाच, म्हणाला, हे तुझ्याबद्दल लिहिलंय. त्या मंगळवारी आम्हीही तेच केलं. वहीचं ते पान चहाच्या ट्रेशेजारी मध्ये ठेवलं आणि प्रार्थना केली. लिहिणाऱ्यासाठीही केली, पण खरं सांगते, त्याच्यासाठीची जरा आखडतीच झाली.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. यावर आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली: देवावर भरवसा आहे तर पोलीस कशाला? अहो, ज्या हिज्कीयाने पत्र देवापुढे पसरलं त्यानेच कातळ फोडून शहरात पाणी आणलं होतं. तो सुमारे ५३३ मीटरचा बोगदा आजही यरुशलेमेत आहे. मला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ साठी, म्हणजे धमकीच्या गुन्ह्यासाठी, नुसती सही करायची होती. अर्जावर साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या दादांनीही सही केली. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांसाठी दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरी पायी जाणारा माणूस. म्हणाले, "पेन द्या."

खरं तर चिठ्ठीवाल्यांपेक्षा घरची माणसं अवघड. आमच्या सभेला येणाऱ्या एका बाईंना सासरी वेगळं ताट-वाटी ठेवलंय. तिला मी लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांगते. त्या आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढची काही वर्षं दोघांची ताटातूट, आणि दोन्ही बाजूंनी ओढणारी आपलीच माणसं. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. मधल्या त्या वर्षांबद्दल ऐकलं की ही बाई जरा सरळ बसते. उपदेशापेक्षा त्याचा गुण येतो.

आता ज्या प्रश्नाला मी बगल देते तो. यरुशलेम वाचलं, सन्हेरीब परत गेला. पण यहूदातलंच दुसरं गाव, लाखीश? सन्हेरीबने स्वतःच कोरून ठेवलंय की त्याने यहूदाची ४६ तटबंदीची गावं घेतली. लाखीशच्या पाडावाची शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: सुळावर चढवलेली माणसं, बैलगाडीत बोचकी आणि लेकरं घालून निघालेली कुटुंबं. त्या गावातही कुणीतरी प्रार्थना केलीच असेल. म्हणून 'भरवसा ठेव, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही' असं मी कुणाला सांगत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं गेलं, स्तेफनाला दगडांनी मारलं, आणि भरवसा दोघांचाही पक्का होता. तरी मंगळवारी मी दार उघडते, कारण भीतीच्या सांगण्यावरून देवाशी बोलणं बंद केलं तर मग ती भीती घेऊन मी जाऊ कुणाकडे? लाखीशचं उत्तर माझ्याजवळ नाही. आमच्या पाळकसाहेबांजवळही नाही, आणि ते तसं कबूल करतात म्हणूनच रविवारी मी पुढच्या बाकावर बसते.