मोजणीचा कागद कुणाच्या हातात आहे?

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं. त्यात नेहरू अध्यक्षपदावरून स्पेनमधल्या फॅसिझमविरोधी लढ्याबद्दल बोलले होते. जगातल्या हुकूमशाहीची काळजी खान्देशाला परकी नाही.

रणगाडे घेऊन सत्ता बळकावणारे आजही आहेत, म्यानमारमध्ये २०२१ साली तेच झालं. पण मला जास्त भीती वाटते ती निवडणुका घेत घेत घट्ट होणाऱ्या राजवटींची. त्यांचा पहिला घाव न्यायालयावर पडतो. व्हेनेझुएलाने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या जागा २० वरून ३२ केल्या आणि तिथे सरकारच्या मर्जीतली माणसं बसवली. एल साल्वादोरच्या नव्या संसदेने १ मे २०२१ ला, पहिल्याच बैठकीत, घटनापीठाचे पाचही न्यायाधीश काढले. त्यांच्या जागी आलेल्यांनी चार महिन्यांत अध्यक्षांना लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायची वाट मोकळी करून दिली.

मग मतमोजणी. २८ जुलै २०२४ ला व्हेनेझुएलात विरोधकांच्या स्वयंसेवकांनी मतदान यंत्रातून निघालेल्या निकालपत्रांच्या प्रती गोळा केल्या आणि ८० टक्क्यांहून जास्त केंद्रांचे कागद इंटरनेटवर टाकले. त्यांत विरोधकांचे उमेदवार गोन्सालेस स्पष्ट पुढे होते. निवडणूक मंडळाने सत्तेतले अध्यक्ष मादुरो विजयी म्हटलं, केंद्रवार आकडे मात्र दिलेच नाहीत. न्यायालयाने मंडळाचीच बाजू घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये मादुरोंनी शपथ घेतली. तरी जगासमोर खोटं उघडं पडलं ते या कागदांमुळेच.

लोकसभा-विधानसभेला आपल्याकडे हा कागद म्हणजे नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात यंत्राचा क्रमांक आणि नोंदलेली एकूण मतं लिहितात आणि हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला खरी प्रत देतात. घोळ इथेच होतो. सकाळपासून बसलेला माणूस संध्याकाळी कंटाळून निघून जातो, आणि जो हजर नाही त्याला प्रत नाही. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर तर बाहेरगावच्या प्रतिनिधीला परतीच्या गाडीची घाई असते. एका प्रतिनिधीसोबत दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात. शेवटच्या पाळीला त्याच पाड्यावरचा, लिहितावाचता येणारा माणूस बसवा. केंद्राबाहेर आल्यावर प्रतीचा फोटो काढून लगेच पाठवा.

मोजणीच्या टेबलावर आधी यंत्राचा क्रमांक आणि सील पाहा, मग एकूण मतं त्या प्रतीशी ताडून बघा. फरक निघाला तर निकाल जाहीर होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. निवडणुकीला न्यायालयात आव्हान देणाऱ्या याचिकेला निकालापासून ४५ दिवसच मिळतात, आणि तोंडी तक्रारीचा तिथे काही पुरावा राहत नाही.