आईची सोलं आणि तिची यादी

आई भाद्रपदात गेली. वैशाखात परसातले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, लाल व्हायला लागले आणि घरात प्रश्न आला, यंदा सोलं (आमसुलं) घालायची की नाही? वर्ष होईपर्यंत लोणची-पापड न घालणारी घरं आमच्या वेंगुर्ल्याकडे बरीच आहेत. भावकीतल्या थोरल्या काकांना विचारलं. "तां तिचांच काम. करा," म्हणाले.

आईने कृती कुठे लिहून ठेवली नव्हती. सापडली ती चाळीस पानी वही, आणि तिच्यात फक्त नावं. चौतीस नावं, प्रत्येकापुढे १ किंवा १॥ (दीड), आणि सात नावांपुढे 'लाल'. ती ज्यांना सोलं द्यायची त्यांची ही यादी. ती पुरी करायची, एवढंच आम्ही ठरवलं.

आधी माप शोधावं लागलं. १ म्हणजे काय, हे शेजारच्या काकींनी सांगितलं. मोरीवरचा निळा टमलर, दाबून भरलेला. तो वजनकाट्यावर २४० ग्रॅम भरला. सगळ्या नावांची बेरीज ३९ टमलर झाली, म्हणजे नऊ किलोंहून थोडं जास्त. दहा किलो रातांब्यांतून सव्वा ते दीड किलो सोलं निघतात, त्या हिशेबाने ७० किलो रातांबे तीन खेपांत घातले.

फळ पूर्ण लाल-जांभळं झालेलंच घ्यायचं. देठाकडे हिरवट राहिलं असेल तर सोल फिकट होतं आणि आंबटपणा उतरत नाही. खाली पडून फुटलेलं वेगळं काढायचं, कारण त्याला आत बुरशी लागलेली असू शकते. धुऊन, कोरडं करून, आडवं चिरून दोन वाट्या करायच्या. गर आणि बिया प्लॅस्टिकच्या टबात, साली सुपात. अ‍ॅल्युमिनियमचं, तांब्याचं किंवा लोखंडाचं भांडं इथे चालत नाही. रस इतका आंबट असतो की धातू खातो आणि चव बिघडते. आईची चिनीमातीची बरणी पुरेना, म्हणून आम्ही एका खेपेला अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं. सकाळी रस काळपट दिसला, तो सगळा टाकला.

मीठ जाडं, शिरोड्याच्या मिठागरांचं. १९३० साली जिथे सत्याग्रह झाला तेच शिरोडं, आणि आई दुसरीकडचं मीठ घेत नसे. दहा किलो रातांब्यांचा बियांसकट गर साधारण साडेचार-पाच किलो भरतो. त्याला अर्धा किलो मीठ हाताने चोळून रात्रभर ठेवायचं. सकाळी रस गाळून घ्यायचा. मीठ कमी पडलं की दुसऱ्या दिवशी रसावर फेस येतो आणि दारूसारखा वास सुटतो. अशा रसात सोल बुडवू नये.

पहिल्या खेपेतली खरी चूक वेगळी होती. ओल्या साली आम्ही थेट रसात घातल्या. साल स्वतःच्या पाण्याने भरलेली असते, ती रस पीत नाही, नुसती लिबलिबीत होते. आधी एक अख्खं ऊन कोरडंच द्यायला हवं. आई "एका वतान सोलां होनत नाय" (एका उन्हात सोलं होत नाहीत) म्हणायची ते आम्ही धीर धरण्याबद्दल समजत होतो. त्यात क्रमही होता, पहिलं ऊन कोरडं आणि मग रस.

त्यानंतर पुटं. संध्याकाळी साली रसात, सकाळी निथळून उन्हात. अशी पाच पुटं. पहिली तीन एकेका दिवसात सुकतात, शेवटच्या दोघांना दोन-दोन उन्हं लागतात, कारण साल तोवर चिकट झालेली असते. एकूण आठ-नऊ दिवस. सोल दुमडून सोडलं तर ते आपोआप उलगडलं पाहिजे आणि बोटाला चिकटता कामा नये. कडकडीत वाळवलं तर मोडतं आणि आमटीत उशिरा उतरतं. तिसऱ्या खेपेवर वळीव आला. ती चुलीच्या वर धुरात सुकवावी लागली. टिकली, पण धुराचा वास राहिला, म्हणून ती घरीच ठेवली.

'लाल' या शब्दाने आम्हाला सगळ्यात जास्त अडवलं. सातही जणांकडे जाऊन विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्या पुड्या ती लाल दोऱ्याने बांधायची. सातही जण रक्तदाबाचे. त्यांची सोलं बिनमिठाची, नुसती साल सुकवलेली, पूट न दिलेली. कोणाला कोणती गोळी चालू आहे हे ती वर्षभर ध्यानात ठेवून होती, आणि आम्ही ती सगळी सोलं एकाच परातीतली समजत होतो. बिनमिठाची पावसाळ्यात लवकर बुरसतात. त्यामुळे या पुड्या ती आधी पोचवायची आणि श्रावणापर्यंत संपवायला सांगायची. आम्हीही त्या ज्येष्ठातच दिल्या. मिठाच्या सोलांवर पांढरं दिसलं तर घाबरू नये: खरखरीत असेल आणि पाण्यात विरघळलं तर ते मीठ, लव दिसली आणि कुबट वास आला तर बुरशी.

बिया फेकल्या नाहीत. धुऊन, सुकवून, फोडून आतले गर वाटले आणि पाण्यात उकळले. वर आलेलं तेल थंड झाल्यावर घट्ट होतं, त्याचे मुठीत गोळे वळतात. एक किलो बियांच्या गरातून सुमारे पाव किलो भिरंडेल, म्हणजे हे तेल, निघालं. भेगाळलेल्या टाचांसाठी ती हे मासळी विकायला येणाऱ्या वहिनींना द्यायची. पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचा फाटतात. दोन नातींनी यंदा गोळे वळले, फार लहान झाले, पण दिले.

परसातल्या तीन झाडांपैकी दोन आपोआप उगवलेली, तिसरं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीचं कलम. बीपासून आलेलं झाड नर निघालं तर फळत नाही, म्हणून तिने कलम लावलं. त्याचे रातांबे वळवाआधी निघतात. पुढच्या वर्षी सुरुवात त्याच झाडापासून करू.

तेहतीस पुड्या घरोघरी पोचल्या. वहीत चौतिसावं नाव नाही. तिथे 'येणारो' एवढंच लिहिलंय आणि पुढे १. ती पुडी आम्ही दाराजवळच्या खुंटीला बांधून ठेवली आहे, पांढऱ्या दोऱ्याने.