तळणीपाशी ठरलेली यादी

ठाण्यात नौपाड्यातील एका सार्वजनिक वाचनालयात मी अठरा वर्षे ग्रंथपाल आहे. दर महिन्याला आम्ही सभासदांसाठी एक वाचन-आव्हान जाहीर करतो. एक विषय आणि त्यावरची चार पुस्तके द्यायची, त्यांपैकी किमान दोन सभासदाने महिनाभरात वाचायची, देवघेवीच्या टेबलावर कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि शेवटच्या रविवारी गप्पांना यायचे, एवढाच त्याचा व्याप. गेल्या वर्षी दिवाळीच्या महिन्यासाठी 'सण आणि शेजार' हा विषय ठरला. विषय गोड होता आणि मी केलेली पहिली यादी त्याहून गोड झाली होती.

ती यादी मी अनुक्रमणिका चाळून केली होती. ज्या पुस्तकात दिवाळी, फराळ, किल्ला किंवा उटणे दिसले ते बाजूला काढले आणि त्यांतून चार निवडली. चारही आठवणींची पुस्तके होती आणि वाचायला चांगलीच होती. त्या सगळ्यांत लिहिणारा लहान मुलगा पहाटे उठून अभ्यंगस्नान करतो, फराळाच्या ताटावर बसतो आणि चकली खातो. चकली करणारी आई, काकू किंवा आजी एखाद्या वाक्यात येऊन पुन्हा स्वयंपाकघरात जाते, हे मात्र माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

नवरात्रातल्या एका गुरुवारी सकाळी वाचनालयातच आमच्या समितीची बैठक होती. अध्यक्षांना यादी पसंत पडली. "सणासुदीला हलकंफुलकंच हवं," असे ते म्हणाले. मी चाचपडत 'बलुतं' या दलित आत्मकथनाचे नाव घेऊन पाहिले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढून ठेवतात तेव्हा विषय संपलेला असतो.

त्याच वेळी आमच्या एक जुन्या सभासद काकू पुस्तके परत करायला आल्या. चरईतल्या एका चाळीत त्या आणि आणखी पाच बायका मिळून फराळाच्या ऑर्डरी घेतात. एरवी पंधरवड्याला तीन पुस्तके नेणाऱ्या या काकू आश्विन लागला की सगळी परत करून जातात आणि थेट तुळशीच्या लग्नाला उगवतात. इतकी वर्षे त्यांच्या नावासमोरची ती रिकामी जागा मी पाहत होते, पण तिचा अर्थ मला कधी विचारावासा वाटला नव्हता. फलकावर लावायच्या कागदाचा मसुदा टेबलावर पडला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"ताई, तुमचं आव्हान दिवाळीत आणि आमचं कंबरडं मोडतं तेही दिवाळीत. मग हे वाचायचं कोणी? ज्यांच्या घरी फराळ विकत येतो त्यांनीच ना?"

मुदत वाढवून देऊ, असे मी काहीतरी पुटपुटले. त्यावर त्या म्हणाल्या, "मुदतीचं नाही हो. हात पिठात असतात, कान तर मोकळेच असतात. दुपारी या पुस्तकं घेऊन."

वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असते. मी पिशवीत माझ्या यादीतले एक पुस्तक, 'बटाट्याची चाळ', 'बनगरवाडी' आणि अध्यक्ष गेल्यावर 'बलुतं' अशी चार पुस्तके घातली आणि जांभळी नाक्यावरच्या आकाशकंदिलांच्या गर्दीतून वाट काढत चरई गाठली.

खोली दोन खणांची होती. एकीकडे भाजणी मळली जात होती, दोघी सोऱ्याने वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांवर चकल्या पाडत होत्या, आणि काकू स्वतः कढईपाशी होत्या. मला एका डब्यावर बसवले. मी प्रथम माझ्या यादीतले पुस्तक उघडले आणि फराळाचे वर्णन वाचू लागले. पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग चकली मोडते म्हणून मोहनावरून दोघींची चर्चा सुरू झाली आणि माझा आवाज तिच्याखाली गेला. चकल्या पाडणारी एकजण मान वर न करता म्हणाली, "ह्यात चकल्या करतंय कोण? नुसतं खाणंच चाललंय." मी पुस्तक मिटले.

नंतर पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' घेतला. हे पुस्तक १९५८चे. त्यातली चाळ आणि ही चाळ यांत फारसे अंतर नसल्याने पहिल्या पानापासून हसणे सुरू झाले. मात्र एका वाक्याला सगळ्या हसल्या की पुढची दोन वाक्ये वाया जात आणि प्रत्येक पात्रासाठी वेगळा आवाज काढणे मला काही जमेना. पुलंनी ही चाळ रंगमंचावर एकट्याने उभी केली होती, ते किती अवघड असेल याची तेव्हा थोडीफार कल्पना आली. पंत वजन उतरवण्याच्या खटपटीत असताना एक घाणा करपला. काकूंनी मला थांबवले. "हे घरी वाचायचं पुस्तक आहे, तळणीवर नको."

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने त्या खोलीचा नूर पालटला. १९५५ साली आलेली ही कादंबरी आकाराने लहान आणि वाक्येही लहान. तरुण मास्तर अंधार असतानाच घरून निघतो आणि माणदेशातल्या धनगरांच्या त्या वाडीकडे चालू लागतो, एवढाच पहिला प्रसंग. पण तो वाचताना तेलाच्या चरचरीखेरीज दुसरा आवाज राहिला नाही. मग मी पाने उलटून तालमीपाशी आले. या पुस्तकात दिवाळीची रोषणाई नाही, पण सगळी वाडी राबून तालीम उभी करते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात, यापेक्षा मोठा सण त्या वाडीने पाहिला नसेल. भाजणी मळणारीचे माहेर साताऱ्याकडचे. तिने विचारले, "वर्गणी कोणी किती घातली ते लिहिलंय का? आमच्याकडं देवळाच्या वेळी त्यावरनं दोन वर्षं भांडणं चालली होती." शेजार या शब्दाविषयी आमच्या बैठकीत तासभर जे बोलणे झाले होते, त्यात वर्गणीचा उल्लेख एकदाही आला नव्हता.

'बलुतं' काढायला मी कचरत होते. अखेर दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली आले एवढे सांगून मी नावाचाच अर्थ सांगितला: गावकीची कामे करणाऱ्याला पैशांऐवजी पिकातून मिळणारा वाटा.

"म्हणजे आपल्यासारखंच की, किलोमागं," एक तरुण मुलगी म्हणाली.

"किलोमागं असतं तर बरं होतं," कोपऱ्यात डबे भरत बसलेल्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या. "किलोला भाव ठरलेला असतो. बलुत्याला काय, देणारा देईल ते." त्यांनी हात पुसले, पुस्तक मागून घेतले आणि मुखपृष्ठ बराच वेळ पाहिले. त्या आमच्या सभासद नव्हत्या आणि अनामत भरण्याची गोष्ट त्या वेळी काढवेना. ते पुस्तक मी माझ्या कार्डावर नोंदवून त्यांना देऊन आले.

चारला वाचनालय उघडले तेव्हा माझ्या साडीला तळणीचा वास होता. संध्याकाळी अध्यक्षांशी पुन्हा बसले. नवी यादी अशी होती: 'बनगरवाडी', 'बटाट्याची चाळ', 'बलुतं' आणि लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे', ज्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला, कारण सोवळ्याच्या घरात वाढलेली बाई पुढे परक्यांना आपल्या घरात कशी घेते हे इतक्या मिस्कीलपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले मला ठाऊक नाही. 'बलुतं'वर अध्यक्षांनी चष्मा काढला. मी मावशींचे वाक्य सांगितले आणि त्यांनी तो पुन्हा लावला. मुदतही बदलली. आव्हान दिवाळीआधी सुरू न करता भाऊबीजेला सुरू करून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या देवदिवाळीला संपवायचे ठरले, म्हणजे जवळपास महिना पुरा होतो आणि फराळाचे हातही मोकळे झालेले असतात.

खरा वाद कार्डावरच्या एका शब्दावरून झाला. मला 'वाचले' या रकान्याशेजारी 'ऐकले' असा रकाना हवा होता. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, असे अध्यक्षांचे म्हणणे. मी विचारले, "चातुर्मासात पोथी एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. त्या दहांना पुण्य मिळत नाही का?" त्यांच्या घरी चातुर्मासात पोथी लागते हे मला माहीत होते. रकाना छापला गेला.

आव्हान जाहीर होण्याआधीचे आठ-दहा दिवस मी दुपारी चरईत 'बनगरवाडी' वाचत राहिले. धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी शेवटाकडे आलो. वाडीवर दुष्काळ पडला होता, चारा संपत आला होता, आणि मी पान उलटले तर समोर पुठ्ठा. आमची ती प्रत कधीतरी बांधणीला गेली होती आणि शेवटची पाने तिथेच कुठेतरी गळाली होती. माझ्याच सहीने ती प्रत परत घेतलेली होती.

"पाऊस पडला का मग?" काकूंनी विचारले. काय घडते ते मला ठाऊक होते, पण तोंडी सांगून टाकावे असे वाटेना. दुसरी प्रत घोडबंदर रोडच्या एका निवृत्त सभासदांकडे गेली होती. मी त्यांना फोन लावला आणि अडचण सांगितली. "थांबा, चष्मा घेतो," असे म्हणून त्यांनी पाने शोधली आणि खाकरून वाचायला सुरुवात केली. फोन स्पीकरवर टाकून आम्ही तो पिठाच्या डब्यावर ठेवला. आवाज बारीक येत होता. काकूंनी हात लांब करून शेगडी बंद केली.